कायद्याने जगवलेले काडतूस : ‘.३१५’ बोअरचा न मिटणारा वाद

रायपूर : येथील गोल बाजारात बांगड्या, भांडी, किराणा, पूजेचे साहित्य, लग्नाचा बस्ता असे जवळपास सर्व काही मिळते आणि पैसे मोजले की वस्तू गिऱ्हाइकाची होते. काडतुसाचा व्यवहार असा होत नाही. ते विकत घेण्यासाठी आधी शस्त्र परवाना लागतो. त्या परवान्यावर बंदुकीचा प्रकार आणि बोअर नोंदलेला असावा लागतो. प्रत्येक खरेदीची नोंद विक्रेत्याच्या वहीत आणि परवान्यावर होते. एका वेळी किती काडतुसे बाळगावीत आणि वर्षभरात किती घ्यावीत, याचीही मर्यादा ठरलेली असते. त्यामुळे भारतातील हौशी नेमबाज ‘कोणते काडतूस चांगले’ असा वाद घालतात, तेव्हा त्या वादात पदार्थविज्ञानाइतकाच कायदाही बोलत असतो. ‘.३१५’ बोअरचे काडतूस हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

मध्य आणि उत्तर भारतातील परवानाधारकांना हे काडतूस बारा बोअरच्या बंदुकीइतकेच परिचित आहे. भारताबाहेर मात्र जुन्या शस्त्रांचे अभ्यासक सोडले तर ते फारसे कोणाला ठाऊक नाही. त्याचे समर्थक म्हणतात, रायफल दणकट आहे, काडतूस मिळते आणि काम होते. टीकाकार म्हणतात, एकोणिसाव्या शतकातली ही संथ गोळी केवळ नाइलाज म्हणून वापरली जाते, त्याऐवजी ‘.३०-०६’ घ्यावी. तिसरा पक्ष खेळाडूंचा. त्यांच्या मते स्पर्धेच्या नेमबाजीत दोन्ही गैरलागू असून खरी कसोटी ‘.२२’ वरच लागते. हे तिन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर कसे असू शकतात, हे समजण्यासाठी या काडतुसाची जन्मकथा पाहावी लागते.

बोअर म्हणजे नेमके काय?

बोलीत आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो; परंतु काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर टोपीवर आघात होतो, दारू पेटते, तिच्या वायूचा दाब गोळीला नळीतून पुढे ढकलतो आणि पुंगळी मागे उरते. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात, त्यामुळे ती हवेत डळमळत नाही.

बोअर हे नळीच्या आतील व्यासाचे माप. ०.३१५ इंच म्हणजे जवळपास नेमके ८ मिलिमीटर. बारा बोअरचा हिशेब निराळा आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल, ती बारा बोअरची नळी. म्हणूनच तेथे आकडा लहान होईल तशी नळी मोठी होते.

बोअरवरून काडतुसाची शक्ती कळत नाही, हा मुद्दा नवख्या परवानाधारकाच्या लक्षात येत नाही. स्पर्धेतील ‘.२२’ आणि सैन्याच्या ५.५६ मिलिमीटर रायफलीची गोळी यांच्या व्यासात नगण्य फरक आहे. पण दारूच्या मात्रेमुळे दुसरीची ऊर्जा पहिलीच्या दहापटींहून अधिक भरते. केवळ आकडा पाहून दोन काडतुसांची तुलना करणे व्यर्थ आहे.

व्हिएन्नाहून इशापूरला

‘.३१५’ चे मूळ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात आहे. फर्डिनांड मानलिखर यांच्या १८८८ च्या रायफलीसाठी ८×५० मिलिमीटरचे, बुडाशी बाहेर आलेली कड असलेले काडतूस तयार झाले. आधी त्यात काळी दारू होती; १८९० पासून धूर न करणारी दारू आली. पहिल्या महायुद्धात त्या साम्राज्याचे सैनिक याच काडतुसाने लढले. साम्राज्य लयाला गेले आणि १९३० च्या दशकात ऑस्ट्रिया व हंगेरी या दोन्ही देशांनी अधिक ताकदीचे ८×५६ काडतूस स्वीकारले. मायदेशात जुन्या काडतुसाची कथा तेथे संपली.

भारतात ती चालू राहिली. ब्रिटिश राजवटीत सैन्याची रायफल ‘.३०३’ ची होती. तीच रायफल खासगी हातांत गेली, तर चोरलेली किंवा फितुरीने मिळालेली सरकारी काडतुसे तिच्यात वापरता येतील, ही राज्यकर्त्यांची धास्ती होती. तेव्हा बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ‘.३०३’ च्या ली रायफलीचीच यंत्रणा घेऊन तिला ८ मिलिमीटरची नळी बसवली. दोन्ही काडतुसांना बुडाशी कड असल्याने ती यंत्रणा थोड्या फेरफाराने चालून गेली. अशा रायफलीत सरकारी काडतूस उडत नाही. भारतातील शिकारी, मळेवाले आणि संस्थानिकांना एक कायदेशीर पर्याय मिळाला.

स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधील इशापूर रायफल कारखान्याने हीच परंपरा पुढे नेली. काडतुसांचे नाते मात्र महाराष्ट्राशी आहे. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासून सुरू असून, ‘.३१५’ च्या पुंगळीच्या बुडावर दिसणारी ‘केएफ’ ही इंग्रजी आद्याक्षरे त्याच्याच ‘किर्की फॅक्टरी’ या जुन्या नावाची आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध कारखान्यांचे सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. खडकीचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे, तर इशापूरचा कानपूरस्थित अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे गेला.

कायदाच काडतुसे घडवतो

शस्त्र कायदा १९५९ मध्ये झाला आणि १९६२ च्या नियमांसह अमलात आला. परकीय राजवट गेली तरी सैन्याची आणि नागरिकांची काडतुसे वेगळी ठेवण्याचे सूत्र कायम राहिले. ‘.३०३’ किंवा ७.६२ मिलिमीटरचे सरकारी काडतूस ज्यात बसते आणि उडते, अशी रायफल सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. पिस्तूल व रिव्हॉल्व्हरच्या बाबतीतही ‘.३८०’, ‘.४५५’ आणि सरकारी ९ मिलिमीटर काडतुसांवर अशीच मर्यादा आहे. ‘.३०-०६’ या अमेरिकी काडतुसाचे बोअर ७.६२ मिलिमीटरचेच असते. परंतु त्याची पुंगळी ६३ मिलिमीटर लांब आणि भारतीय सैन्याच्या वापरातील काडतुसांहून भिन्न आहे. त्यामुळे ते या मर्यादेबाहेर राहते.

काडतुसांच्या इतिहासात हा प्रकार नवा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या भीतीने भारतात ‘.४५०’ बोअरवर बंदी घातली. हत्ती आणि गव्याच्या शिकारीसाठी त्याच बोअरच्या दुनळी बनवणाऱ्या इंग्लिश कारखानदारांची मोठी बाजारपेठ धोक्यात आली. त्यांनी ‘.४६५’, ‘.४७०’, ‘.४७५’ अशी किंचित मोठी काडतुसे काढली. त्यातले ‘.४७०’ आजही आफ्रिकेत प्रतिष्ठेचे मानले जाते. इटलीत सैन्याचे ९×१९ काडतूस नागरिकांना वर्ज्य होते, तेव्हा तेथे ९×२१ रूढ झाले. गुणवत्तेच्या शर्यतीत ही काडतुसे पुढे आली नव्हती. कायद्याने आखलेल्या रेषेच्या अलीकडे उभे राहता आले म्हणून ती टिकली. ‘.३१५’ त्याच कुळातले आहे.

तोळ्याच्या मापात तीन गोळ्या

गोळीचे वजन जगभर ‘ग्रेन’मध्ये सांगतात. भारतीय वाचकाला त्याचा अंदाज यावा यासाठी एक सोयीचा दुवा आहे. ब्रिटिश काळात ठरवलेला तोळा नेमका १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. ‘.३०-०६’ ची शिकारीसाठी प्रचलित असलेली एक गोळी १८० ग्रेनची आहे. ती सराफाच्या तराजूत बरोबर एक तोळा भरेल. ‘.३१५’ ची २४४ ग्रेनची गोळी सव्वा तोळ्याहून थोडी अधिक, तर ‘.२२’ ची ४० ग्रेनची गोळी पाव तोळ्याहूनही कमी.

आता वेग. मूळ ऑस्ट्रियन लष्करी काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ६२० मीटर वेगाने बाहेर पडे. ‘.३०-०६’ ची एक तोळ्याची गोळी सुमारे ८२० मीटर वेगाने जाते. या दोन आकड्यांवरून ऊर्जा काढली तर पहिलीची सुमारे ३,००० आणि दुसरीची सुमारे ३,९०० ज्यूल भरते. हलकी गोळी अधिक ऊर्जा नेते, कारण ऊर्जेच्या सूत्रात वजन एकदा आणि वेग दोनदा गुणला जातो. खांद्याला बसणारा झटका मुख्यतः वजन आणि वेग यांच्या साध्या गुणाकारावर अवलंबून असतो. तो गुणाकार दोन्हींत जवळपास सारखा येतो. ‘.३०-०६’ मध्ये दारू अधिक असल्याने तिचा झटका थोडा जास्त. पण समजला जातो तेवढा फरक नसतो.

वेगाचा खरा परिणाम गोळीच्या खाली येण्यावर दिसतो. नळीतून सुटलेली प्रत्येक गोळी त्याच क्षणापासून खाली पडू लागते. हवेचा रोध बाजूला ठेवून हिशेब केला, तर १०० मीटरपर्यंत पोहोचताना ‘.३१५’ सुमारे १३ आणि ‘.३०-०६’ सुमारे ७ सेंटिमीटर खाली येते. २०० मीटरवर हेच आकडे अनुक्रमे ५१ आणि २९ होतात. प्रत्यक्षात हवा वेग कमी करते, त्यामुळे दोन्ही आकडे वाढतात. रायफलीची माशी विशिष्ट अंतरासाठी जुळवून ही घट भरून काढता येते. अडचण येते ती लक्ष्याचे अंतर नीट ठाऊक नसताना. तेथे वेगवान गोळी नेमबाजाची चूक काही प्रमाणात झाकते. संथ गोळी झाकत नाही.

जुनेपणा हा दोष आहे का?

‘.३१५’ वर पहिला आरोप तिच्या वयाचा होतो. तो टिकत नाही. ‘.३०-०६’ हे नावच १९०६ या वर्षावरून पडले आहे. ऑलिंपिकमध्ये वापरले जाणारे ‘.२२ लाँग रायफल’ काडतूस १८८७ चे, म्हणजे मानलिखरच्या काडतुसाहून एक वर्षाने थोरले. फरक त्यांच्या नंतरच्या आयुष्यात पडला. ‘.२२’ साठी इंग्लंडची ईली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ अशा कंपन्यांनी अनेक दशके एकमेकींशी स्पर्धा केली. ‘.३०-०६’ ला शेकडो प्रकारच्या गोळ्या, दारू आणि नळ्या लाभल्या. ‘.३१५’ ला अशी स्पर्धा मिळाली नाही. एका देशाच्या परवाना पद्धतीत बंदिस्त असलेल्या, प्रामुख्याने सरकारी कारखान्यांतून येणाऱ्या काडतुसात नवे प्रयोग करण्याची निकड कोणालाच भासली नाही.

परदेशातील हौशी नेमबाज अशी उणीव स्वतः काडतूस भरून दूर करतात. आपल्या नळीला कोणती गोळी आणि किती दारू मानवते, याचा शोध घेणे हाच त्यांच्या छंदाचा मोठा भाग असतो. भारतात परवान्याविना काडतूस तयार करणे गुन्हा असल्याने ही वाट सामान्य परवानाधारकाला बंद आहे. दुकानात जे मिळेल त्यावरच नेम साधायचा. त्यामुळे समर्थकांच्या ‘काडतूस मिळते’ या साध्या वाक्याला भारतात मोठे वजन येते. उत्तम रायफल घरी आणि तिचे काडतूस बाजारात नाही, अशी अवस्था झाली तर सगळी गुणवत्ता कागदावर राहते.

मैदानावरचे गणित वेगळे

क्रीडा नेमबाजीत ऊर्जेला महत्त्व नाही, एकसारखेपणाला आहे. ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे याच अंतरावर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले. या पातळीवरचे खेळाडू नुसते चांगल्या कंपनीचे काडतूस घेऊन थांबत नाहीत. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या घाण्यांतील काडतुसे आपल्या नळीतून उडवून, कोणत्या घाण्याच्या गोळ्या सर्वांत दाट पडतात हे तपासतात आणि त्याच घाण्याचा साठा घेतात. एका नळीला मानवलेला घाणा दुसऱ्या नळीला मानवेलच असे नाही.

मोठ्या बोअरची ३०० मीटरची रायफल स्पर्धा १९७२ पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिच्यात ८ मिलिमीटरपर्यंतचे बोअर चालते, म्हणजे ‘.३१५’ अगदी उंबरठ्यावर बसते. तरीही जागतिक पातळीवरील खेळाडू ६ मिलिमीटरच्या आसपासची सौम्य झटक्याची काडतुसे पसंत करतात. दिवसभरात अनेक फैरी झाडताना खांदा आणि एकाग्रता दोन्ही टिकवायची असतात. शिवाय ३०० मीटरची सुरक्षित मैदाने भारतात बहुतांशी सैन्य किंवा पोलिसांकडेच आहेत.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी मानली जाते. नेमबाजीकडे वळू इच्छिणाऱ्याने घरातली जुनी ‘.३१५’ बाहेर काढण्यापेक्षा मान्यताप्राप्त क्लबमध्ये एअर रायफलपासून सुरुवात करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

शेताच्या बांधावरचा प्रश्न

छत्तीसगड एकेकाळी शिकारीचा प्रदेश होता. देशातील अखेरचे मानले जाणारे तीन चित्ते १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानात मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचे युग संपवले. रायफलीचे मूळ प्रयोजनच त्यामुळे आटले. आता ती प्रामुख्याने स्वसंरक्षण, सुरक्षा रक्षकाची नोकरी किंवा पीक संरक्षणाच्या कारणाने बाळगली जाते. रानडुकरे एका रात्रीत धान किंवा मका लोळवतात, हा छत्तीसगडइतकाच विदर्भातील शेतकऱ्याचाही अनुभव आहे. तेथे रोह्यांचे कळपही त्यात भर घालतात. तरीही पिकासाठी प्राणी मारण्यास शस्त्र परवाना पुरेसा नाही. त्यासाठी वन विभागाची स्वतंत्र परवानगी आवश्यक असते.

बांधावर अंतर कमी असते. तेथे दोन काडतुसांमधील काही सेंटिमीटरचा फरक निरर्थक ठरतो. रानडुकराला दोन्ही भारी आहेत. महत्त्वाचा प्रश्न चुकलेल्या गोळीचा. दोन्ही गोळ्या अनुकूल कोनातून सुटल्या तर तीन किलोमीटरहून दूर जाऊ शकतात. ‘.२२’ ची चिमुकली गोळीही सुमारे दीड किलोमीटर जाते. सपाट शेतात तिला अडवायला मातीचा उंचवटा नसतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचायला गावकरी पहाट होण्यापूर्वीच झाडांखाली पोहोचलेले असतात. झुडपातली हालचाल डुकराची की माणसाची, हे अंधारात ओळखण्याचे काम कोणतेही काडतूस करत नाही. म्हणून अनुभवी नेमबाजाचा पहिला नियम लक्ष्याकडे पाहण्याआधी लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहण्याचा असतो.

सहज मिळण्याची दुसरी बाजू

‘.३१५’ चा सर्वांत मोठा गुण तिच्या सर्वांत मोठ्या दोषाशी बांधलेला आहे. जे काडतूस सर्वत्र परिचित असते, ते चोरवाटांनाही परिचित होते. उत्तर भारतातील पोलिसांच्या जप्तीच्या वृत्तांत ‘.३१५ बोअरचा देशी कट्टा’ हे शब्द वारंवार येतात. छत्तीसगडातील माओवाद्यांकडून हस्तगत झालेल्या शस्त्रांच्या याद्यांतही ‘.३०३’, बारा बोअर आणि भरमार, म्हणजेच ठासणीची बंदूक, यांच्या जोडीला ‘.३१५’ दिसते. सरकारी काडतूस खासगी बंदुकीत जाऊ नये म्हणून आखलेली रेषा तेवढ्यापुरती यशस्वी झाली. परवान्यावरचे काडतूस बेकायदा हातात जाऊ नये, हे मात्र त्या रेषेने साधत नाही. ते साधते दुकानातील नोंदवहीने, परवान्यावरील नोंदीने आणि घरातील कुलपाने.

अलीकडच्या काळात कायद्याचा भर याच बाजूवर वाढला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोन केली. खेळाडूंसाठी वेगळी तरतूद ठेवली. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. लग्नात किंवा मिरवणुकीत बेदरकारपणे हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हवेत गेलेली गोळी कोठेतरी खाली येतेच, हे त्यामागचे साधे कारण.

या साऱ्याचा ताळा मांडला तर वादाचे उत्तर कामानुसार बदलते. मैदानावर पदक हवे असेल, तर ‘.३१५’ चा विचार करण्याचे कारण नाही. लांब पल्ल्याची अचूकता हवी असेल, तर ‘.३०-०६’ निर्विवाद सरस आहे. मात्र तिची काडतुसे आपल्या भागात नियमित मिळतात का, याची चौकशी परवान्याचा अर्ज करण्यापूर्वीच झाली पाहिजे, कारण एकदा नोंदवलेले बोअर बदलणे सोपे नसते. जवळच्या अंतरावर, मर्यादित गरजेसाठी, दणकट आणि परिचित रायफल हवी असेल, तर व्हिएन्नाने कधीच विसरलेले हे काडतूस अजूनही पुरेसे आहे. तिन्ही बाबतींत चाप ओढल्यानंतरची जबाबदारी परवान्यावर ज्याचे नाव आहे त्याचीच राहते.